नेपाळचा रुपया, वर्षावर्षाचा

प्रश्न : पशुपतिनाथच्या यात्रेहून आईने मूठभर नेपाळी नाणी आणली. मला फक्त एक रुपयाचीच जमवायची आहेत. एका नाण्यावर २०३१ साल कसं?

उत्तर : एकच मूल्य धरलंत, हे उत्तम केलंत. नजर तयार होते ती अशीच.

साल विक्रम संवतातलं आहे आणि आकडे देवनागरी, म्हणजे आपल्याला भिंगाशिवाय वाचता येतील. फक्त ५ आणि ८ ची वळणं नीट पाहा. संवतातून ५७ वजा करा. मात्र जानेवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंत ५६. राजे वीरेंद्र यांचा राज्याभिषेक फेब्रुवारी १९७५ मध्ये झाला, तेव्हा तिथे २०३१ च चालू होतं.

जुन्या रुपयावर ‘श्री ५’ ही राजाची उपाधी शोधा. २००८ मध्ये राजेशाही संपली; तो बदल नाण्यांवर दिसतो, म्हणून राजवटीनुसार लावा, मग सालानुसार. अलीकडचा पितळी मुलाम्याचा पोलादी रुपया चुंबकाला चिकटतो.

आणि कळकळीची विनंती, चिंच किंवा पितांबरी लावू नका. घासलेल्या नाण्याची मूळ झळाळी परत येत नाही. आईकडची नाणी आहेत तशीच कागदी पाकिटांत ठेवा, वर साल लिहा.