राणी, दूध पुरतंय

बार्शी,
एप्रिलचा पहिला आठवडा

चि. सौ. राणी हिस,


काल रात्री आक्काचा फोन आला होता. बाळ संध्याकाळभर किरकिरतं, सारखं अंगावर मागतं, दूध पुरत नाही असं तू मनात घेतलं आहेस आणि मेडिकलमधून पावडरचा डबाही आणून ठेवलाय, असं ती म्हणाली. फोनवर चार शब्द बोलता आले असते. पण हे तुला रात्री तीन वाजता बाळाला घेऊन बसल्यावर पुन्हा वाचता यावं आणि विहीणबाईंनाही वाचून दाखवता यावं, म्हणून लिहून पाठवतेय. आरोग्यसेविका म्हणून माझी सगळी नोकरी उपकेंद्रात आणि वाड्यावस्त्यांवर गेली. बाळंतिणीच्या तोंडून सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य ‘दूध पुरत नाही’ हेच. तपासायला बसलं की बहुतेकींना दूध भरपूर असायचं, कमी पडायचा तो धीर.

बाळाच्या रडण्यावरून दुधाचा अंदाज बांधू नकोस. गरमीनं, पोटात गॅस धरल्यानं, दुपटं ओलं झाल्यानं, नुसतं कुशीत यावं म्हणूनही ते रडतं. महिना-दीड महिन्याची बाळं संध्याकाळी तासन् तास अंगाला चिकटून असतात, थोडं पितात, सोडतात, पुन्हा मागतात. हे या वयाचं वागणंच आहे. दूध पुरतंय की नाही हे दोन गोष्टींवरून कळतं. चोवीस तासांत सहा किंवा त्याहून जास्त वेळा लघवी होते का, आणि वजन वाढतंय का. जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं. तिथून पुढे पहिले तीन महिने दिवसाला वीस ते तीस ग्रॅमनं वाढ हवी. ४२ व्या दिवशी आशाताई तुझ्याकडे येतील. त्यांना तुझ्यासमोर वजन करायला सांग आणि माता व बाल संरक्षण कार्डावरच्या रेघेत ते कुठे बसतं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ. या घरभेटींना कमी लेखू नकोस. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी खेड्यातल्या बायांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणले. ते काम १९९९ साली जगासमोर आलं आणि पुढे देशभरच्या आशाताई घरोघरी जाऊ लागल्या.

आता त्या डब्याविषयी. दूध जितकं ओढलं जातं तितकं तयार होतं, शरीराचा हिशेब इतका सरळ आहे. एक वेळ वरचं पाजलंस की बाळ ती वेळ अंगावर ओढत नाही, उद्याचं दूध तेवढ्यानं घटतं, मग दुसरी वेळही वरचं लागतं. पंधरा दिवसांत खरोखरच दूध पुरेनासं होतं. डबा हातात घेऊन नीट बघ. त्यावर कुठे बाळाचा फोटो दिसणार नाही, उलट आईचं दूधच सर्वांत चांगलं हे त्यांना छापावंच लागतं. १९९२ च्या कायद्यानं ते बंधन घातलं आणि या डब्यांची जाहिरातही बंद केली. त्याच सुमारास, १९९१ साली, स्तनपानाचा प्रसार करणारी देशपातळीवरची संस्था आपल्या वर्ध्यात उभी राहिली. मुंबईत सायन हॉस्पिटलात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्येच मातृदुग्ध पेढी काढली होती, आशियातली पहिली. आईचं दूध मिळत नसलेल्या कमी दिवसांच्या बाळालासुद्धा तिथे आधी दुसऱ्या आईचं दूध बघतात. वजन खरंच वाढत नसेल आणि डॉक्टरांनी सांगितलं, तर पावडर औषधासारखी जरूर दे. शेजारणीच्या सांगण्यावरून देऊ नकोस.

पाजायची रीत एकदा तपासून घे. पाठीला उशी लावून बस, बाळाचं पोट तुझ्या पोटाला लागलेलं असू दे. नुसतं बोंड तोंडात देऊ नकोस. बाळानं मोठा आ केला की त्याला छातीशी घे, म्हणजे भोवतालचा काळा भागही, विशेषतः खालच्या बाजूचा, तोंडात जाईल. हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि गिळल्याचा बारीक आवाज, एवढं जमलं की दुखत नाही. दुखत असेल तर करंगळी ओठांच्या कडेनं आत सरकवून बाळाला सोडव आणि पुन्हा लाव. ओढून काढलंस तर चिरा पडतात. एक बाजू पूर्ण रिकामी होऊ दे, मग दुसरी. शेवटी शेवटी येणारं दूध दाट, स्निग्धांशाचं असतं, त्यानं पोट भरतं. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजणं होतं, आणि रात्रीचं पाजणं टाळायचं नाही, कारण दूध तयार करणारा स्राव रात्री जास्त असतो.

तुम्ही राहता त्या चिंचोळीचा उन्हाळा मला माहीत आहे. पुणे रस्त्याला झाडाची सावली नाही, खोली पत्र्याची, आणि मे महिन्यात पारा त्रेचाळिसाच्या आसपास. विहीणबाई म्हणतात तसं बाळाच्या घशाला कोरड पडत असेल असं कुणालाही वाटेल. तरी सहा महिने पाण्याचा थेंबही द्यायचा नाही, उकळून गार केलेलं नाही आणि ग्राइप वॉटरही नाही. आईच्या दुधात शंभरातले अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असतं. तहान लागली तर ते जास्त वेळा मागेल, तू पाज. पाण्यानं इवलंसं पोट भरतं, दूध मागे पडतं, आणि टँकरचं पाणी असेल तर जुलाब ठरलेले. पाणी प्यायचं आहे ते तू. दर पाजण्याआधी तांब्याभर जवळ घेऊन बस. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची पद्धत अजून काही घरांत आहे, ती आपल्या भागात फार घातक ठरते. बाजरीची भाकरी, शेपू, हाळिवाची खीर, डिंकाचे लाडू सगळं खा. पण एवढ्या उन्हात डिंकाचा लाडू एकच पुरे, त्यापेक्षा वरण, भाजी, अंडं, ताक पोटभर जाऊ दे.

बाळाला पातळ सुती झबलं बास. टोपी, मोजे आणि वरून सोलापुरी चादर, हे आता नको. दुपारी बारा ते चार खोली तापते तेव्हा शेजारच्या स्लॅबच्या घरी जाऊन बस, संकोच करू नकोस. झोपवताना उताणं झोपव, तोंडाजवळ उशी किंवा गोधडी ठेवू नकोस.

शेगडीचा शेक आणि ओव्याची धुरी मात्र बंदच कर. दार लावलेल्या दहा बाय दहाच्या खोलीत कोळशाचा वायू साठतो, त्याला वास नसतो, आणि झोपेत जीव जातो. मध वर्षभर चाटवायचा नाही, त्यातल्या जंतूंनी लहान बाळाचं अंग लुळं पडू शकतं. काजळ नको, काही काजळांत शिसं सापडलं आहे. कानानाकात तेल नको. वेखंड, मायफळ, मुरडशेंग, हळकुंड उगाळून गुटी द्यायची विहीणबाईंची इच्छा असेल, तर मी सांगितलं म्हणून सांग की सहा महिने थांबू. सहाणेवर किती वेढे घेतले हे कुणी मोजत नाही, आणि सहाण किती स्वच्छ तेही कुणी बघत नाही. मालिश त्यांच्याच हातची होऊ दे, खोबरेल तेलानं, हलक्या हातानं. बाळाला अंघोळ घालण्यात त्यांचा हात तुझ्यापेक्षा बसलेला आहे, तो मान त्यांना दे.

जावईबापूंना एक निरोप. पाळीवरून आल्यावर कंपनीचे कपडे दाराशीच काढून वेगळे ठेवायचे, साबणानं हातपाय धुवायचे, मगच बाळाला घ्यायचं. कपड्यांवर रसायनाची पूड असते, कापसाची तूस असते. ते कपडे बाळाच्या लंगोटांबरोबर भिजवू नकोस.

तुला खरा घोर पुढचा आहे हे मी ओळखते. बाळंतपणाआधी चार आठवडे तू रजेवर गेलीस. पगारी रजा २६ आठवड्यांची, म्हणजे जुलैअखेर तुला कामावर हजर व्हावं लागेल. बाळ तेव्हा पाच महिन्यांचं असेल आणि वरचं अन्न सहा पूर्ण झाल्यावर सुरू करायचं. मधला महिना कसा काढायचा? दूध काढून ठेवायचं. रजा संपायच्या पंधरा दिवस आधीपासून सवय कर. हात साबणानं धुवायचे. झाकणाची स्टीलची वाटी दहा मिनिटं उकळून घ्यायची. छातीला कोमट ओला फडका लावायचा. मग अंगठा वर आणि दोन बोटं खाली, काळ्या भागाच्या कडेला ठेवून आधी छातीच्या दिशेनं मागे दाबायचं, मग दोन्ही बाजूंनी हलकं दाबून सोडायचं. कातडीवर बोटं घासायची नाहीत. पहिल्या मिनिटाला थेंब येतात, नंतर धार लागते. सुरुवातीला पाव वाटीच निघेल, घाबरू नकोस, आठवड्यात वाढतं. थंडीपावसात हे दूध सावलीत चार तास टिकतं. उकाड्यात बाहेर ठेवूच नकोस, फ्रीजमध्ये ठेव आणि चोवीस तासांत संपव. गॅसवर तापवायचं नाही, गरम पाण्यात वाटी धरून कोमट करायचं. विहीणबाईंनी ते बोंडल्यानं किंवा वाटी-चमच्यानं पाजावं. बाटली घरात आणू नका. तिच्या निपलच्या आत बोट फिरवून वास घेऊन बघ, धुतलेल्या बाटलीलासुद्धा आंबूस वास येतो. जुलाबाची सुरुवात तिथून होते.

बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत रोजच्या सुट्टीखेरीज दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टी हा तुझा हक्क आहे. पन्नास किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघरही हवं आणि दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा हवी. तुझी खोली कंपनीच्या गेटपासून चालत पाच मिनिटांवर आहे, तेव्हा एका सुट्टीत घरी येऊन पाजता येईल, दुसऱ्यात दूध काढता येईल. ठेकेदाराच्या हजेरीवर आहेस म्हणून गप्प बसू नकोस, पगारातून ईएसआय कापला जातो ना? कामावरून आल्यावर आणि रात्री मात्र अंगावरच पाज.

सहा महिने झाले की खाणं सुरू. डाळीचं वरचं पाणी नव्हे, डाळच. ज्वारीच्या कण्या, मऊ वरणभात, नाचणीची खीर, कुस्करलेलं केळं, वर चमचाभर तूप. चमचा तिरका केला तर ओघळून जाऊ नये इतकं दाट. आधी दोन-तीन चमचे, दिवसातून दोन-तीनदा. वर्षभर मीठ-साखर नको, अंडं चालतं. अख्खा शेंगदाणा चार-पाच वर्षांचं होईपर्यंत हातात देऊ नका, श्वासनलिकेत अडकतो. कूट करून खिरीत घाला. अंगावरचं दूध दोन वर्षं आणि पुढेही चालू राहू दे.

बाळ दूध ओढेनासं झालं, अंगानं तापलं किंवा गार पडलं, तळहात-तळपाय पिवळे दिसले, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडला, किंवा शांत झोपेत मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास मोजले, तर सकाळची वाट बघू नका. १०२ किंवा १०८ ला फोन करा, गाडी फुकट येते. सहाव्या आठवड्याच्या लसी चुकवू नकोस.

आणि तुला स्वतःलाच उगाच रडू येत असेल, बाळाकडे बघावंसंही वाटत नसेल, तर ते लपवू नकोस. बाळंतपणानंतर असं होतं, त्यावर इलाज आहे. आशाताईंना सांग किंवा मला फोन कर, कितीही वाजलेले असू देत.

कामावर कधी रुजू होणार आणि पाजण्यासाठी कोणत्या वेळा हव्यात, हे एका साध्या अर्जात लिहून जूनमध्येच ऑफिसात दे. एक प्रत स्वतःकडे ठेव आणि तिच्यावर शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नकोस.

तुझी,
मावशी