त्रिफळ्याची बीजे : संग्रहापासून रोपापर्यंत
(नांदेड व लातूर परिसरातील वैद्यांसाठी)

औषधी वनस्पतींच्या उपलब्धतेचा प्रश्न दिवसेंदिवस बिकट होत आहे, हे नव्याने सांगावयास नको. नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूरच्या बाजूस अद्याप रान शिल्लक आहे. लातूर जिल्ह्यात मात्र वनाखालील क्षेत्र एक टक्क्याहूनही कमी आहे. परिणामी हरीतकी, बिभीतक व आमलकी यांची नित्य योजना करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना त्यांचा परिचय केवळ शुष्क द्रव्य म्हणून असतो. दवाखान्याच्या आवारात वा शेताच्या बांधावर ही झाडे असावीत, अशी इच्छा बहुतेक वैद्यमित्र व्यक्त करतात. परंतु काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेली फळे मातीत पुरली आणि काहीच उगवले नाही, ही तक्रारही तितकीच ऐकू येते.

या अपयशाचे कारण मातीत नसून संग्रहात आहे, असे आमचे मत आहे. औषधासाठी घेतलेले फळ आणि बीजासाठी घेतलेले फळ ही दोन निराळी द्रव्ये मानली पाहिजेत. बाळहिरडा हे तर अपक्व फळच; त्यातील बीज पूर्ण तयार झालेले नसते. आवळकाठीत बी नसतेच. च्यवनप्राश सिद्ध करताना पोटलीतील उकडलेल्या आवळ्यांतून निघालेल्या बिया पेरण्याचा मोह काहींना होतो. पण उकळण्याने त्यातील जीव गेलेला असतो. दुकानातील सुरवारी हिरडा पक्व असतो हे खरे, तथापि तो कोणत्या वर्षीचा व कोणत्या रानातला हे विक्रेत्यासही सांगता येत नाही. बिब्ब्याच्या बाबतीत हा भेद अधिक स्पष्ट होतो. चरकसंहितेत रसायनासाठी घेतलेली भल्लातक फळे यव अथवा माष यांच्या राशीत चार महिने ठेवण्यास सांगितले आहे. औषधास तो काळ हितकर. पेरणीसाठी मात्र बिब्बा ताजाच असावा. मात्र पाण्यात बुडणारे भल्लातक घ्यावे, तरंगणारे टाकावे, हा शोधनप्रसंगीचा दंडक बीजपरीक्षेसही जसाच्या तसा लागू पडतो. तरंगणारे बीज बहुधा पोकळ वा किडलेले असते. बिब्बा हाताळताना त्याच्या तेलाविषयी घ्यावयाची दक्षता वैद्यांना सांगण्याची आवश्यकता नाही. पेरणाऱ्या मजुरास मात्र ती अवश्य सांगावी.

तिघांत बेहडा सर्वांत सोपा. हिवाळ्यात झाडाखाली पडलेली पक्व फळे वेचावीत, गर काढून बिया धुवाव्यात, सावलीत वाळवाव्यात व एक दिवस पाण्यात भिजवून पेराव्यात. महिन्याभरात उगवण सुरू होते. याचे सोटमूळ लवकर खोल जाते, म्हणून गादीवाफ्यापेक्षा उंच पिशवीत थेट पेरणे बरे. उंदीर व खारी या बियांवर टपलेल्या असतात, तेव्हा वर बाभळीच्या काटेरी फांद्या पसराव्यात.

आवळ्याची पक्व फळे उन्हात वाळू द्यावीत. वाळताना आतील कठीण कवच तडकते व सहा बारीक बिया उसळून बाहेर पडतात. म्हणून वर पातळ कापड टाकावे. या बियांची उगवणशक्ती वर्षभरही टिकत नाही, तेव्हा त्या हंगामातच वापराव्यात. बीपासून झालेल्या झाडाची फळे लहान असतात, म्हणून शेतकरी कृष्णा, कांचन वा एनए-७ या जातींचे डोळे भरून कलमे करतात. औषधार्थ गावठी आवळा उणा आहे असे मानण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

खरी कसोटी हिरड्याची. त्याच्या बीजाभोवतीचे कवच अत्यंत कठीण असून पाणी आत शिरण्यास फार काळ लागतो. न फोडता पेरलेल्या बियांची रुजवण महिनोन्महिने रेंगाळते आणि तोवर रोपवाटिका करणाऱ्याचा धीर सुटतो. रोपवाटिकेवरील काही पुस्तकांत बी ओलसर वाळूत घालून शीतगृहात ठेवण्याची रीत दिलेली असते. ती अक्रोड, जरदाळू यांसारख्या थंड प्रदेशातील वृक्षांसाठी आहे. त्या बियांना हिवाळा भोगल्याशिवाय जाग येत नाही. हिरड्याला थंडीची अपेक्षा नाही, कवच उघडण्याची आहे. पक्व फळाचा गर काढून बीचे रुंद टोक कानशीने घासावे अथवा कात्रीने अलगद छाटावे, आतील गर्भास इजा होऊ देऊ नये, आणि नंतर बी ३६ तास थंड पाण्यात भिजवावे. काम जिकिरीचे आहे; एका बैठकीत शंभर बिया झाल्या तरी पुष्कळ. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील वृक्षायुर्वेदाध्यायात बीज दुधात भिजवून, तुपाच्या हाताने चोळून, शेणात घोळण्याचा विधी आहे. कठीण बिया शेणकाल्यात ठेवण्याची प्रथा आजही दिसते. आमच्या मते हिरड्याच्या बाबतीत कवच छाटल्यावाचून केवळ लेपावर विसंबू नये.

बीज कोणत्या रानातले, यासही महत्त्व आहे. सुश्रुताने भूमिप्रविभागाचा विचार औषधसंग्रहासाठी केला, तो येथेही उपयोगी पडतो. महाबळेश्वर वा भीमाशंकरचा हिरडा अतिवृष्टीच्या प्रदेशातला. त्याची रोपे लातूरच्या पठारावर लावण्यापेक्षा मेळघाट वा गडचिरोलीच्या पानझडी वनांतील बीज मिळवणे आम्ही श्रेयस्कर मानतो. वनक्षेत्रातून, विशेषतः पैनगंगा अभयारण्यासारख्या संरक्षित भागातून, परवानगीवाचून काहीही वेचू नये; वनविभागाच्या अथवा सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत आधी चौकशी करावी.

आपल्याकडील काळी माती पिशवीत एकटी कधीच भरू नये. ती पाण्याने चिकटते आणि वाळली की भेगाळून कोवळी मुळे तोडते. दोन भाग लाल किंवा गाळाची माती, एक भाग वाळू व एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत हे मिश्रण पुरेसे आहे. बी त्याच्या जाडीच्या दीडपटीहून खोल जाऊ नये. माघ-फाल्गुनात पेरलेले रोप मृगापर्यंत वीतभरही होत नाही. ते त्याच पावसाळ्यात लावले तर पुढील उन्हाळ्यात बहुधा जाते; वर्षभर पिशवीत वाढवून दुसऱ्या मृगात लावावे. मध्ये एकदा मोठ्या पिशवीत बदलावे, नाहीतर मूळ तळाशी गुंडाळते.

यात दोन उन्हाळ्यांचे पाणी लागते, आणि मराठवाड्यात हाच कळीचा मुद्दा आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. शंभर लहान पिशव्यांना प्रत्येकी १०० मिलिलिटर धरल्यास एका वेळी १० लिटर, म्हणजे साधारण एक झारी पाणी पुरते. शेडनेटखाली, गवताचे आच्छादन घालून व संध्याकाळी पाणी दिल्यास वैशाखातही रोप तग धरते. म्हणून प्रत्येकाने शंभराहून अधिक रोपांचा संकल्प न करता, त्यातील पंचवीस तरी हिरड्याची असतील एवढे पाहावे. पावसाळा लागला की शेडनेट टप्प्याटप्प्याने काढून रोपांस उन्हाची सवय लावावी, आणि प्रत्येक पिशवीवर बीज कोठून व कोणत्या महिन्यात आणले याची चिठ्ठी बांधावी.