मुंबईची सैर : आधी हिशेब, मग प्रवास

मे महिन्याची सुटी लागली किंवा ईद आटोपली की मालेगाव, इचलकरंजी आणि कोकणातली मंडळी जोगेश्वरीतल्या नातेवाइकांकडे उतरू लागतात. मुलांना गेटवे पाहायचा असतो, बायकांना हाजीअलीला जायचे असते आणि घरच्या कर्त्याला कापडबाजारातून माल घ्यायचा असतो. तिन्ही कामे एकाच खिशातून होतात आणि घोटाळा तिथेच होतो. म्हणून आज या सदरात सैरसपाट्याच्या हिशेबाचा धडा घेऊ.

सैर करणे वाईट नाही. जमिनीवर फिरा आणि आधीच्या लोकांचे काय झाले ते पाहा, असे कुरआनने वारंवार सांगितले आहे. मनाई आहे ती इस्राफची, म्हणजे उधळपट्टीची. या दोहोंतली रेघ कुठे असते, हे मी स्वतः ठेच लागल्यावर शिकलो.

१९९८ च्या मे महिन्यात माझ्या सासरची आठ माणसे जोगेश्वरीला आली. दुकान नवे होते आणि मान राखण्याची हौस मोठी. लोकल सोडून मी सगळ्यांना दोन टॅक्सींतून कुलाब्यापर्यंत नेले. दुपारी हॉटेल, संध्याकाळी हॉटेल, परत येताना खरेदी. चार दिवस असेच गेले. गल्ल्यात जे पैसे होते ते एका कारखानदाराचे होते. त्याच्या मालाचे पेमेंट गुरुवारी द्यायचे ठरले होते, कारण शुक्रवारी यंत्रमाग बंद असतात आणि त्याआधी मजुरांचा हप्ता चुकता करावा लागतो. गुरुवारी तो आला तेव्हा मी निम्मीच रक्कम दिली. तो एक शब्द बोलला नाही. पैसे मोजले, सलाम केला आणि गेला. पण त्यानंतर दोन हंगाम त्याने मला एक ताकाही उधार दिला नाही. माझी मेहमाननवाजी त्याच्या मजुरांच्या चुलीवर झाली होती. मजुराचा घाम वाळण्याआधी मजुरी द्या, ही हदीस मला तोंडपाठ होती. अर्थ त्या दिवशी कळला.

धडा पहिला : तीन थैल्या

घरून निघतानाच पैशांचे तीन भाग करा आणि ते वेगवेगळे ठेवा. समजा, हातात ७०,००० रुपये आहेत. त्यातले ५०,००० मालाचे, १२,००० सैरीचे आणि ८,००० अडीअडचणीचे. मालाच्या पैशांत दुसऱ्याचे देणे असेल तर ती अमानत आहे, तिला हात लावायचा नाही. सैरीची थैली रिकामी झाली की सैर संपली. अडचणीची थैली आजारपण किंवा चुकलेली गाडी यासाठी आहे, बाजारात आवडलेल्या वस्तूसाठी नाही. आता अनेकजण मोबाइलवरून पैसे देतात. त्यात नोट हातातून जाताना दिसत नाही, म्हणून खर्च कळत नाही. ज्या खात्यात दुकानाचे पैसे आहेत ते खाते सैरीत वापरू नका, आणि रोज रात्री झोपण्यापूर्वी दिवसाचा खर्च वहीत लिहा.

धडा दुसरा : दिवस बाजाराच्या सोयीने ठरवा

यंत्रमागाच्या गावांना शुक्रवारची सुटी असते. गुरुवारी रात्री निघून शुक्रवारी सकाळी मुंबईला पोहोचावे. पहिला दिवस बाजाराला द्यावा. माल आधी घेतला की मालाचे पैसे मालातच जातात, वाटेत सांडत नाहीत. मुळजी जेठा आणि मंगलदास ही कापडाची मार्केटे रविवारी बंद असतात. माल घेतला की पक्के जीएसटी बिल घ्या, गठ्ठे ट्रान्सपोर्टला लावा आणि बिल्टी खिशात ठेवा. गठ्ठे डोक्यावर घेऊन लोकलमध्ये चढू नका.

जुम्याची नमाज जवळच्याच जामा मशिदीत अदा करता येईल. कोकणी मुसलमानांच्या मेहनतीतून उभी राहिलेली ही मशीद १८०२ मध्ये पूर्ण झाली. खाली जुना तलाव आणि त्यावर मशीद, अशी तिची रचना आहे. मुलगा बरोबर असेल तर त्याला ती जरूर दाखवा.

शनिवार बोरिवलीला द्यावा. सकाळी सगळी मुंबई चर्चगेटकडे धावते, बोरिवलीकडे जाणाऱ्या लोकलमध्ये त्या मानाने जागा मिळते. तिथल्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची लेणी आहेत, शंभराहून अधिक. डोंगरात कोरलेली पाण्याची टाकी पाहा. त्या कारागिरांनी पावसाचे पाणी कसे साठवले, हे आपल्या कारागीर बांधवांना पाहण्यासारखे आहे.

रविवारी दक्षिण मुंबई. कचेऱ्या बंद असल्याने लोकलला गर्दी कमी असते; मात्र रविवारी रुळांच्या कामासाठी ब्लॉक असतो, म्हणून आदल्या दिवशी वर्तमानपत्र पाहावे. १९२४ मध्ये पूर्ण झालेला गेटवे, जागतिक वारशाच्या यादीत २००४ मध्ये आलेले छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि संध्याकाळी मरीन ड्राइव्ह. ही तिन्ही ठिकाणे पाहायला पैसे पडत नाहीत.

सुटीचे वारही वहीत लिहून ठेवा. राष्ट्रीय उद्यान आणि घारापुरीची लेणी सोमवारी बंद, भायखळ्याची राणीची बाग बुधवारी बंद. पावसाळ्यात समुद्र खवळला की घारापुरीच्या बोटीही थांबतात. लहान मुलांना घेऊन बंद दरवाज्यापर्यंत जाणे म्हणजे भाडेही गेले आणि दिवसही गेला.

धडा तिसरा : हाजीअली आणि चंद्राची तारीख

हाजीअलीच्या दर्ग्याकडे जाणारी वाट भरतीच्या वेळी पाण्याखाली जाते. अनेक कुटुंबे जोगेश्वरीहून निघतात आणि रस्त्यावर उभी राहून परत येतात. यावर सोपा उपाय आपल्याच कॅलेंडरात आहे. चंद्राच्या पहिल्या आणि पंधराव्या तारखेच्या आसपास मुंबईत भरती सुमारे दुपारी बारा ते एकला येते आणि ती मोठी असते. त्या दिवसांत सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जावे. सातव्या-आठव्या आणि बाविसाव्या तारखेच्या सुमारास दुपारी ओहोटी असते. रोज भरती सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. हा झाला मोठा अंदाज. नेमकी वेळ वर्तमानपत्रात पाहून घ्यावी.

तिकडून परतताना माहीमला उतरता येईल. मखदूम फकीह अली माहीमी (१३७२–१४३१) यांनी कुरआनची तफसीर अरबीत लिहिली. दर्ग्यावर जाणारे पुष्कळ असतात, हे एक मोठे आलिम होते हे फार थोड्यांना ठाऊक असते. मुलांना ते सांगावे.

धडा चौथा : भाड्याचे गणित

जोगेश्वरीला फक्त धिम्या लोकल थांबतात. लांब जायचे तर अंधेरीला उतरून जलद गाडी पकडावी. रेल्वेत पाच वर्षांखालील मुलांना लोकलचे तिकीट लागत नाही. तीन-चार दिवस फिरायचे असेल तर खिडकीवर पर्यटक तिकिटाची चौकशी करावी. ते १, ३ आणि ५ दिवसांचे मिळते आणि मुदतीत कितीही वेळा चालते. वृद्ध किंवा आजारी माणूस बरोबर असेल तर मेट्रो आरामाची आहे. जोगेश्वरी पूर्वहून गुंदवली, तिथून मरोळ नाका आणि पुढे भुयारी मेट्रोने काळबादेवीपर्यंत जाता येते. ही भुयारी मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत सुरू झाली. भाडे लोकलपेक्षा जास्त, दगदग कमी.

रिक्षा माहीम आणि शीवच्या पुढे शहरात जात नाही. रिक्षात तीनच माणसे बसतात, म्हणजे पाच जणांना दोन रिक्षा. फेब्रुवारी २०२५ पासून किमान भाडे २६ रुपये आहे, म्हणजे दीड किलोमीटरला ५२ रुपये. बेस्टच्या साध्या बसला मे २०२५ पासून पाच किलोमीटरपर्यंत माणशी १० रुपये पडतात, म्हणजे पाच जणांना ५० रुपये. तेवढ्याच पैशांत बस तिपटीहून अधिक अंतर नेते. आपण कापड घेताना मीटरला आठ आण्यांसाठी घासाघीस करतो, मग प्रवासातच हिशेब का सोडावा?

धडा पाचवा : मेहमान आणि मेजबान

मुंबईत सर्वांत महाग वस्तू जागा आहे. जोगेश्वरीतल्या एका खोलीत पाच माणसे राहतात, तिथे आणखी पाच आली की घरची मुले दाराबाहेर झोपतात. मेहमानी तीन दिवसांची आहे आणि मेजबानाला तंगी येईपर्यंत राहू नये, ही तालीम आपल्याला दिलेली आहे. येण्याआधी फोन करा आणि माणसे किती, दिवस किती, हे स्पष्ट सांगा. येताना तांदूळ, कडधान्य, गावचा मेवा आणा. एक वेळचा भाजीपाला आपण आणा. दिवसा बाहेर जाताना चपात्या बांधून घ्या, म्हणजे घरच्या बाईवर दुपारच्या जेवणाचा बोजा पडत नाही.

मेजबानानेही ऐपतीबाहेर जाऊ नये. पाहुण्याला लोकलने नेण्यात कमीपणा नाही. कर्ज काढून खाऊ घातलेली बिर्याणी पाहुणा विसरतो, कर्ज देणारा विसरत नाही.

जोगेश्वरीतच काय पाहावे

शेवटच्या दिवशी गाडीला वेळ असेल तर दूर जाऊ नका. पूर्वेला जोगेश्वरीची लेणी आहेत, सुमारे सहाव्या शतकातली. आणि टेकडीवर इस्माईल युसूफ कॉलेज आहे. जहाजांचा धंदा करणाऱ्या घराण्यातले सर मोहम्मद युसूफ यांच्या देणगीतून ते १९३० मध्ये सुरू झाले. हजारो मुले तिथे शिकली.

माझ्या १९९८ च्या पाहुण्यांना मी ते दाखवले नाही. घरापासून रिक्षाच्या भाड्याएवढ्या अंतरावर होते आणि फुकट होते, म्हणून सुचलेच नाही. आता गावाकडून कोणी मुलगा आला की मी त्याला आधी तिथे घेऊन जातो आणि सांगतो, बेटा, एका व्यापाऱ्याने आपला पैसा कुठे खर्च केला ते पाहा. मग गेटवेला जाऊ, लोकलने.

अल्लाह आपल्या रोजीत बरकत देवो आणि खर्चात समज देवो.