काटा हलका, पोट जड

"वजन तर पंचावन्नच किलो, मग साखरेचा रोग कसा?" असे आपल्या आदिलाबादकडे पुष्कळ जण आम्हांस विचारतात. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व बालके अभ्यासली. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले, इंग्लंडमधील साउथहॅम्प्टनच्या बाळांचे ३.५. परंतु उणीव होती ती मुख्यतः स्नायूंत. कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. मोठेपणीही हातपाय काटकुळे आणि पोट तेवढे सुटलेले, अशी माणसे आपल्यात आहेतच. काटा हे सांगत नाही. म्हणून श्वास सोडून शिंप्याच्या फितीने पोटाचा घेर मोजावा. पुरुषांचा ९० व स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा.

कापूस वेचून झाला की अंगमेहनत थांबते, ताटातला भात मात्र तेवढाच राहतो! तो निम्मा करून तुरीचे वरण व भाजी वाढवावी. ज्वारीची भाकर चांगली, पण तीही मोजकीच. रोज अर्धा तास झपझप चालावे. नुसत्या उपासाने वजन उतरवू नये, कारण चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि ते आपल्याजवळ मुळात थोडे. साखरेच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी तर उपास धरण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.