रूपांतर सीमा : जिथे भूपट्ट एकमेकांना घासून जातात



अकरावीच्या भूगोलात भूपट्टांच्या तीन प्रकारच्या सीमा शिकाव्या लागतात. भूपट्ट एकमेकांपासून दूर जातात ती अपसारी सीमा, एकमेकांवर आदळतात ती अभिसरण सीमा आणि शेजारून घासत जातात ती रूपांतर सीमा. पहिल्या दोन चटकन लक्षात राहतात, कारण त्यांच्यासोबत ज्वालामुखी आणि हिमालय येतात. तिसरीला पुस्तकात जेमतेम चार ओळी मिळतात आणि उत्तरपत्रिकेत तेवढ्याही उरत नाहीत. म्हणून या अंकात तिच्याविषयीच लिहायचे आम्ही ठरवले. ज्या भूपट्टावर आपले रामाकोना वसले आहे, त्याच्या पूर्व आणि पश्चिम कडांचे मोठे भाग याच प्रकारचे आहेत, हे दुसरे कारण.

आपल्या स्टेशनावरून सौंसरकडून आलेली गाडी छिंदवाड्याकडे जाते, म्हणजे ढोबळमानाने उत्तरेला. समजा, रुळांच्या पश्चिमेला एक मुलगा गाडीकडे तोंड करून उभा आहे आणि पूर्वेला त्याची बहीण तशीच उभी आहे. मुलगा म्हणेल, गाडी डावीकडे गेली. बहीण म्हणेल, उजवीकडे गेली. दोघेही खरेच बोलतात.

भारतीय भूपट्ट म्हणजे ही गाडी. आशियाच्या मानाने तो वर्षाला सुमारे चार ते पाच सेंटिमीटर, म्हणजे दोन-तीन बोटे, उत्तरेकडे सरकतो. समोरच्या बाजूला तो आशियावर आदळतो आणि तिथे हिमालय उभा आहे. पण त्याच्या बाजूंचे काय? पश्चिमेला बलुचिस्तानातून अफगाणिस्तानात काबूलच्या दिशेने जाणारा चमन प्रस्तरभंग आहे. (मराठीतला प्रस्तरभंग म्हणजेच हिंदी पुस्तकातला भ्रंश.) अफगाण बाजूला उभे राहून पाहिले तर भारताची बाजू डावीकडे सरकते. पूर्वेला ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, सगाइंग प्रस्तरभंग आहे. तिथे भारतीय भूपट्टाला चिकटलेला ब्रह्मदेशाचा एक चिंचोळा पट्ट उत्तरेकडे ओढला जातो आणि पलीकडून पाहणाऱ्याला तो उजवीकडे जाताना दिसतो. हे डावे-उजवे पाठ करायची गरज नाही. गाडी आठवली की पुरे.

चमनच्या बाबतीत रेल्वेचा दाखला केवळ कल्पनेतला नाही. २० डिसेंबर १८९२ रोजी तिथे भूकंप झाला, तेव्हा क्वेट्ट्याहून चमनला जाणारा लोहमार्ग प्रस्तरभंग ओलांडतो त्याच जागी रूळ वाकले. दोन्ही बाजू सुमारे पाऊण मीटर सरकल्या होत्या. भूपट्टांची कल्पना त्या काळी कोणाच्या स्वप्नातही नव्हती, पण वाकलेल्या रुळांनी पुरावा नोंदवून ठेवला.

आता 'रूपांतर' या शब्दाकडे वळू. रूपांतर कशाचे? हे नाव कॅनडाचे भूवैज्ञानिक जॉन टूझो विल्सन यांनी १९६५ साली दिले. समुद्रतळावरील पर्वतरांगा सलग नसून जागोजागी तुटून बाजूला सरकलेल्या दिसतात. विल्सन यांनी दाखवले की, दोन तुकड्यांना जोडणाऱ्या प्रस्तरभंगाच्या टोकाशी पोचले की घासत जाण्याची हालचाल संपते आणि तिचे दूर जाण्याच्या हालचालीत रूपांतर होते. दुसऱ्या ठिकाणी टोकाशी आदळणारी सीमाही असू शकते. म्हणजे एका प्रकारची गती दुसऱ्या प्रकारात बदलण्याचे हे सांधे आहेत. १९६७ मध्ये लिन साइक्स यांनी भूकंपांच्या नोंदी तपासल्या आणि विल्सन यांचे म्हणणे बरोबर ठरले. जगातल्या बहुतेक रूपांतर सीमा अशा समुद्राखालीच आहेत. जमिनीवरच्या थोड्या, पण त्यांच्या शेजारी गावे असल्यामुळे त्यांची नावे सर्वतोमुखी होतात. कॅलिफोर्नियाचा सॅन अँड्रियास त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध.

आपल्या अरबी समुद्रातही एक गमतीदार उदाहरण आहे. ओमानच्या किनाऱ्यापासून दूर ओवेन प्रस्तरभंगाच्या एका बाजूला भारतीय भूपट्ट आहे, तर दुसऱ्या बाजूला अरबी. दोघेही उत्तरेकडेच निघालेले आहेत. मग घर्षण कसले? अरबी भूपट्ट किंचित अधिक वेगाने जातो, वर्षाला फक्त तीन मिलिमीटरच्या आसपास. शेजारच्या रुळावरची गाडी हळूच पुढे निघते तसे. भूपट्टांत महत्त्व असते ते एकमेकांच्या मानाने किती सरकले याला.

रूपांतर सीमेवर नवे कवच तयार होत नाही आणि जुने खाली जात नाही, म्हणून तिथे सहसा ज्वालामुखी नसतात. भूकंप मात्र असतात. त्याचे कारण घरच्या घरी पाहता येते. एका विटेला रबर बांधा आणि खडबडीत फरशीवर ते रबर हळूहळू ओढा. रबर ताणले जाते, वीट हलत नाही. मग एकदम ती पुढे उडी घेते आणि पुन्हा थांबते. तुमचा हात एकसारख्या गतीने चालतो, वीट मात्र झटक्याने. भूपट्ट हा हात आहे आणि घर्षणाने अडकलेला खडक ही वीट. सगाइंगवर वर्षाला साधारण दोन सेंटिमीटर सरकणे अपेक्षित आहे. शंभर वर्षे जागा अडकून राहिली तर दोन मीटरचे देणे साचते.

२८ मार्च २०२५ रोजी सगाइंगने ते देणे फेडले. ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. जमीन साडेचारशे किलोमीटरहून अधिक लांबीवर फाटली आणि तीन हजारांहून अधिक माणसे गेली. ज्या मंडालेच्या तुरुंगात लोकमान्य टिळकांनी 'गीतारहस्य' लिहिले, ते मंडाले या प्रस्तरभंगाला लागूनच आहे आणि आपल्या रामाकोनाच्या जवळपास त्याच अक्षांशावर. इरावती नदीवरचा जुना आवा पूल कोसळला. एका कॅमेऱ्यात जमीन सरकतानाचे चित्रण सापडले. अभ्यासकांनी ते मोजले, तेव्हा सव्वा सेकंदाच्या आसपास जमीन अडीच मीटर सरकल्याचे दिसले. रूपांतर सीमेचे काम इतक्या स्पष्टपणे यापूर्वी कोणी चित्रित केले नव्हते. शक्य असेल तर पालकांनी ते चित्रण मुलांना जरूर दाखवावे.

इथे पालकांचा प्रश्न येणारच. मग आपले काय? चमन असो की मंडाले, दोन्ही इथून दीड हजार किलोमीटरहून दूर आहेत. आज रामाकोनाखाली कोणतीही भूपट्ट सीमा नाही. पण पूर्वी होती, असे मानायला जागा आहे. भूवैज्ञानिकांच्या नकाशावर 'रामाकोना–कटंगी ग्रॅन्युलाइट पट्टा' असे नाव आहे. आपल्या गावाचे नाव जगभरच्या शोधनिबंधांत छापले जाते ते याच्यामुळे! ग्रॅन्युलाइट हा खडक जमिनीखाली खूप खोल, सातशे अंशांहून अधिक तापमानात तयार होतो. सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी मध्य भारतात कवचाचे जुने तुकडे एकमेकांना येऊन मिळाले. त्या दडपणात खोल गेलेले खडक आज आपल्या पायाखाली उघडे पडले आहेत.

सीमा दूर म्हणून धोका नाही, असे मात्र समजू नये. हिमालयाकडचा दाब भूपट्टाच्या आतही पोचतो आणि जुन्या दुबळ्या भेगा कधी कधी सरकतात. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप तर सगाइंगसारखाच आडव्या सरकण्याचा होता. तरीही कोयना ही भूपट्ट सीमा नव्हे. तिथे धरणाच्या पाण्याने जुना प्रस्तरभंग जागा झाला, असे बहुतेक तज्ज्ञ मानतात. (परीक्षेत 'आडवा प्रस्तरभंग म्हणजे रूपांतर सीमा' असे लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.) ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत आणि २२ मे १९९७ ला जबलपुरात भूकंप झाले. जबलपूरचा हादरा आपल्या छिंदवाडा भागालाही बसला होता.

किल्लारीच्या भूकंपाची तीव्रता ६.२, म्हणजे मंडालेपेक्षा कितीतरी कमी, तरी सुमारे दहा हजार लोक गेले. रात्रीची झोपेची वेळ होती आणि दगड-मातीच्या जाड भिंती एकमेकींना बांधलेल्या नव्हत्या. तशा भिंती आपल्याकडे जुन्या घरांत अजून आहेत, वर कवेलूंचे वजन आहे. भिंतीत आरपार जाणारे बांधदगड, कोपऱ्यांत सळ्या आणि दारा-खिडक्यांच्या वर चारही भिंतींवरून सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. विश्वस्त मंडळींना आमची विनंती आहे की, शाळेत नवी खोली बांधताना हा पट्टा नकाशात आहे की नाही, हे आधी पाहावे आणि जुन्या खोल्या एकदा अभियंत्याकडून तपासून घ्याव्यात.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न : सॅन अँड्रियासच्या पश्चिमेकडील भूपट्ट वायव्येकडे सरकतो. पूर्वेच्या बाजूला उभे राहून त्याच्याकडे पाहिले तर तो कोणत्या हाताला जाताना दिसेल? आकृती काढून उत्तर वर्गशिक्षकांकडे द्यावे.