आधी डिटेक्टर दाखवा

जबलपूरच्या सराफ्यात आमचं घर. नोकरी दूरसंचार खात्यात गेली, म्हणून गल्लीत केबलशी नातं सांगणारी कुठलीही वस्तू विकायला आली की ‘काका, जरा बघता का?’ असं बोलावणं येतं. तसाच एकदा शेजारच्या पेढीवर ‘क्वांटम कुलूप’ विकणारा आला. भोपाळच्या शाखेशी चालणारा व्यवहार यापुढे कुणी चोरूच शकणार नाही, निसर्गाचा नियमच आडवा येतो, म्हणाला. शेठजींनी चेकबुक काढलं होतं.

नियम खरा आहे. बेनेट आणि ब्रासार यांच्या १९८४ च्या पद्धतीत संदेश कुलूपबंद करणाऱ्या किल्लीचे तुकडे एकेका फोटॉनवरून, म्हणजे प्रकाशाच्या कणावरून जातात. वाटेत कुणी ते मोजले तर चुका वाढतात, आणि त्या सुमारे ११ टक्क्यांवर गेल्या की किल्ली फेकून द्यायची. पण फोटॉन आला हे सांगतो डिटेक्टर, आणि तो माणसानेच बनवलेला.

२०१० साली संशोधक लिडरसन, मकारोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाजारात मिळणाऱ्या दोन यंत्रणांवर प्रखर प्रकाश सोडून दाखवला. डिटेक्टरमधला फोटॉन टिपणारा अ‍ॅव्हलांच फोटोडायोड दिपला, एकटा फोटॉन त्याला कळेना. मग बाहेरून तेजस्वी स्पंद पाठवून हवा तो ‘क्लिक’ उमटवता येऊ लागला. चुका वाढल्याच नाहीत, त्यामुळे कुणाला संशयही आला नसता. सराफ्याच्या भाषेत, कसोटीचा दगडच चोराच्या हातात!

म्हणून मी विक्रेत्याला विचारलं : आत येणाऱ्या प्रकाशाची ताकद यंत्र मोजतं का? डायोडमधला प्रवाह अचानक वाढला तर ओरडतं का? फायबरसाठीचे हे डायोड शून्याच्या बरेच खाली थंड ठेवावे लागतात, नाहीतर फोटॉन नसतानाही क्लिक वाढतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा काय? तुम्हीही हेच विचारा, आणि उत्तर लेखी मागा.

अंतराचाही हिशेब करा. चांगल्या फायबरमध्ये १०० किलोमीटरनंतर शंभरातला एखादाच फोटॉन उरतो. डीआरडीओ आणि आयआयटी दिल्लीने फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रयागराज ते विंध्याचल एवढं, शंभराहून जास्त किलोमीटरचं अंतर गाठलं. भोपाळ तीनशेच्या पुढे. म्हणजे वाटेत ठाणी हवीत, आणि साध्या रचनेत प्रत्येक ठाण्यावर किल्ली उघडी पडते. त्या खोलीचं कुलूप कुणाकडे, हे विक्रेत्याच्या माहितीपत्रकात नव्हतं.

‘कंपनीला विचारून सांगतो,’ म्हणून तो गेला. शेठजींना मी स्वस्तातलं सुचवलं : क्वांटम संगणकालाही दाद न देणाऱ्या गणिती पद्धतींची प्रमाणं अमेरिकेच्या निस्ट संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केली आहेत. ती सॉफ्टवेअरमध्ये बसतात, आहे त्याच इंटरनेटवर चालतात.