जुन्या राजदूतास कॅफे रेसरचा साज

प्रश्न : राजदूत ३५० विकत घेऊन तिची कॅफे रेसर करण्याचा मानस आहे. काय पाहावे? – एक वाचक, सोयगाव

उत्तर : यामाहाच्या आरडी ३५० वरून एस्कॉर्ट्सने १९८३ पासून येथे घडविलेल्या या टू-स्ट्रोक गाडीचे सौंदर्य निर्विवाद असले, तरी मूळ जपानी गाडीच्या डिस्क ब्रेकऐवजी हिच्या पुढच्या चाकास ड्रम ब्रेक असल्याने, अजिंठ्याचा घाट वारंवार उतरणाऱ्या आपल्यासारख्या स्वाराने खालच्या हँडलाच्या आणि एकआसनी बैठकीच्या मोहात पडण्यापूर्वी ब्रेकच्या दुरुस्तीचीच तजवीज करावी, हे उत्तम. सौद्यापूर्वी चॅसिस व इंजिन यांचे क्रमांक नोंदणीपुस्तकाशी ताडून खातरजमा करावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ अन्वये मूळ नोंदीशी विसंगत फेरफार निषिद्ध असल्याने, सांगाडा कापू पाहणाऱ्या मिस्त्रीस नम्र नकार द्यावा. इंजिनास आपोआप तेल पुरविणारा ऑटोल्यूबचा पंप मात्र काढू नये. पेट्रोलात अंदाजाने तेल मिसळणाऱ्यांचे जळके पिस्टन आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.